तोंडी सांगितलेल्या मिनिटांचे काय करायचे?

अर्धा तास, एक तास, दोन तास, चार तास. मोबाइलच्या वापराविषयीच्या सर्व्हेतली उत्तरे आलेखावर मांडली की याच आकड्यांवर ढीग साचलेले दिसतात. मधल्या जागा जवळजवळ ओस. सदतीस मिनिटे बोलणारा माणूस सर्व्हेत सापडत नाही, फोनच्या यादीत मात्र रोज सापडतो. लोक आठवून मिनिटे मोजत नाहीत, एक गोल आकडा देऊन मोकळे होतात. त्यात लबाडी काही नाही. पण पुढे त्याच आकड्यावर झोप, डोकेदुखी, मानदुखी, मुलांचा अभ्यास, मेंदूतल्या गाठी यांचे हिशेब बांधले जातात आणि ‘रोज तीन तासांहून जास्त मोबाइल वापरणाऱ्यांना दुप्पट धोका’ असा मथळा छापून येतो. ते तीन तास घड्याळातले की मनातले, हे कोणी विचारत नाही.

आमचे म्हणणे असे आहे: गोव्यात मोबाइल आणि आरोग्य या विषयावर सरकारी पैशाने किंवा विद्यापीठाच्या परवानगीने जी पाहणी होईल, तिच्यातल्या काही सहभागींची उत्तरे त्यांच्याच फोनमधल्या नोंदींशी ताडून पाहणे सक्तीचे करावे. त्या पडताळ्यावरून बाकीच्यांचे आकडे दुरुस्त केल्याशिवाय मिनिटांच्या किंवा तासांच्या भाषेत निष्कर्ष काढू देऊ नयेत. आणि ही दुरुस्ती परदेशातून उसनी आणून चालणार नाही.

चूक केवढी असते हे वीस वर्षांपासून माहीत आहे. मेंदूतल्या गाठींवर तेरा देशांत झालेल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाच्या निमित्ताने अकरा देशांतल्या ६७२ स्वयंसेवकांनी सांगितलेला वापर कंपन्यांच्या नोंदींशी, किंवा वापर टिपून ठेवणाऱ्या खास फोनशी, ताडला गेला. २००६ साली निकाल छापून आला. कॉलची संख्या लोकांनी सरासरी आठ टक्के कमी सांगितली होती, बोलण्याचा एकूण वेळ मात्र १.४२ पट. सरासरीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे चुकीची तऱ्हा: कमी वापरणारे कमी सांगत होते, जास्त वापरणारे फुगवून सांगत होते. सगळ्यांच्या उत्तराला १.४२ने भागले की काम झाले, असा सोपा मार्ग त्यामुळे बंद झाला.

२०१० साली ‘इंटरफोन’चे मुख्य निष्कर्ष आले तेव्हा चित्र विचित्रच दिसले. नियमित मोबाइल वापरणाऱ्यांत ग्लायोमाचा (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचा) सापेक्ष धोका ०.८१, म्हणजे न वापरणाऱ्यांपेक्षा कमी. आणि एकूण १६४० तास किंवा अधिक बोलल्याचे सांगणाऱ्या सर्वांत वरच्या दहा टक्क्यांत तो १.४०. मोबाइल आधी मेंदूला जपतो आणि मग इजा करतो, असे म्हणायला कोणी धजावणार नाही. पहिल्या आकड्याच्या मागे बहुधा निवडीतला दोष होता. तुलनेसाठी बोलावलेल्या निरोगी लोकांपैकी ५३ टक्केच आले, आणि न येणाऱ्यांत मोबाइल न वापरणाऱ्यांचा भरणा अधिक होता. दुसऱ्या आकड्याच्या मागे आठवणीचा दोष असल्याचा संशय अजून फिटलेला नाही. त्या गटातल्या काहींनी रोजचा वापर अशक्य वाटावा इतका सांगितला होता. शिवाय ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि इटलीत रुग्णांची उत्तरे नोंदींशी ताडली तेव्हा दिसले, की रुग्ण जितके मागचे आठवत गेले तितका फुगवटा वाढत गेला. निरोगी लोकांत तसे झाले नाही. डोक्यात गाठ निघालेला माणूस आपल्या आयुष्यात कारण शोधत असतो. आठवण त्याला मदत करते, थोडी जास्तच.

आठवण नको म्हणून कंपन्यांची ग्राहकयादी वापरणेही वाटते तितके निर्धोक नाही. डेन्मार्कमध्ये १९८२ ते १९९५ या काळातल्या ४,२०,०९५ ग्राहकांचा अभ्यास झाला. त्यात कंपन्यांच्या नावावरची दोन लाखांहून अधिक कनेक्शने वगळावी लागली, कारण फोन कोणाच्या हातात होता हे कळेना. म्हणजे त्या काळात सर्वांत जास्त बोलणारी माणसे हिशेबात ‘न वापरणारे’ ठरली. गोव्यात हाच घोळ निराळ्या रूपात समोर येतो. सिम वडिलांच्या नावावर आणि फोन मुलीच्या हातात. हॉटेलच्या नावावरचे सिम पाळीनुसार तीन हातांत फिरते. पर्यटकांसाठी एक नंबर आणि घरच्यांसाठी दुसरा. सिमच्या मालकाला विचारलेला प्रश्न आणि फोनचा खरा वापर यांची इथेच फारकत होते.

आपल्याकडे आठवण आणखी कच्ची का, यालाही कारण आहे. येणारा कॉल फुकट झाला २००३ साली. त्या दिवसापासून अर्धे बोलणे खिशाला कळेनासे झाले. जाणाऱ्या कॉलचे पैसे होते तोवर माणूस रिचार्ज किती दिवस पुरला यावरून तरी अंदाज बांधत असे, मिस कॉल देऊन पैसे वाचवत असे. २०१६नंतर अमर्याद बोलण्याचे पॅक आले आणि तोही धागा तुटला. आता बोलणे अर्धे साध्या कॉलवर, अर्धे व्हॉट्सॲपवर. दुबईतल्या माणसाशी बोलायचे तर तिथे व्हॉट्सॲप कॉल बंद असल्याने बोटिम या ॲपवर. एवढ्या वाटांनी गेलेला वेळ कोण जुळवणार?

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘सॅम्पल मोठे घ्या, चुका एकमेकांत जिरतात.’ सरासरी काढायची असेल आणि चुका दोन्ही बाजूंना सारख्या असतील तर हे काही अंशी खरे. संबंध शोधायचा असेल तर साफ खोटे. वापराच्या आकड्यातली यादृच्छिक, म्हणजे कधी वर कधी खाली अशी, चूक वापर आणि आजार यांच्यातला संबंध सपाट करते, आणि सॅम्पल दहापट केले तरी तो सपाटच राहतो. फक्त आपण चुकीच्या आकड्याबद्दल जास्त ठाम होतो. डिजिटल माध्यमांचा सांगितलेला वापर आणि नोंदलेला वापर यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आला; दोहोंतला सहसंबंध निघाला ०.३८ (पूर्ण जुळणी असती तर १). याचा वर्ग साधारण ०.१४. चूक निव्वळ यादृच्छिक मानली, तर खरा परिणाम १०० असताना आपल्याला सुमारे १४ दिसेल आणि तेवढ्याच खात्रीने तो पकडायला सातपट माणसे लागतील. गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख. इथे सातपट माणसे आणायची कुठून? त्यापेक्षा दीडशे जणांचे फोन नीट पाहणे स्वस्त.

दुरुस्तीची पद्धत नवी नाही. तिला रिग्रेशन कॅलिब्रेशन म्हणतात. मराठीत अंशांकन म्हणू. पडताळा-गटात प्रत्येकाचे दोन आकडे असतात, सांगितलेला आणि नोंदलेला. सांगितलेल्यावरून नोंदलेला किती असेल याचे समीकरण त्या गटात बसवायचे आणि ते पूर्ण सर्व्हेला लावायचे. मिनिटांचे वाटप एका बाजूला लांब शेपटीचे असते, म्हणून हिशेब लॉगवर, म्हणजे लॉगॅरिदमवर, करायचा. समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ: खऱ्या मिनिटांचा नैसर्गिक लॉग = १.६ + ०.५५ × सांगितलेल्या मिनिटांचा लॉग. आठवड्याला १० मिनिटे सांगणाऱ्याचे उत्तर येते १८, ६० सांगणाऱ्याचे ४७, ६०० सांगणाऱ्याचे १६७. इथे थांबले तर एक चूक राहते, आणि ती बरेच जण करतात: लॉगवरून परत आणलेला आकडा सरासरीपेक्षा कमी असतो. उरलेला विखुरलेपणा, म्हणजे समीकरणाभोवतीचे प्रमाण विचलन, ०.८ असेल तर त्याच्या वर्गाचे निम्मे ०.३२, आणि ई (२.७१८) या संख्येचा तेवढा घात, म्हणजे १.३८, याने गुणावे लागते. मग १८चे २४ होतात, ४७चे ६५ आणि १६७चे २३०.

आता पाहा. दहा आणि सहाशे सांगणाऱ्यांत कागदावर ५९० मिनिटांचे अंतर होते, ते खरे निघाले २०६. या दोघांच्या झोपेत जो काही फरक असेल तो आपण ५९० मिनिटांवर पसरून ‘तासामागे इतका’ म्हणत होतो; खरा दर जवळजवळ तिप्पट. उलट ‘इतके तास झाले की धोका’ म्हणून जी मर्यादा पालकांना सांगितली असती, ती खऱ्या वापराच्या कितीतरी वर गेली असती. एकाच चुकीने परिणाम लहान आणि मर्यादा मोठी दिसते. म्हणून ‘चूक झाली तर निष्कर्ष सावधच निघतो’ हा दिलासा आम्हाला मान्य नाही.

हे प्रत्यक्षात करून दाखवले ते ‘कॉसमॉस’ या युरोपातल्या अभ्यासाने. डेन्मार्क, फिनलंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि ब्रिटन मिळून २,६४,५७४ लोक; वापर आधी विचारला, आजाराची वाट नंतर पाहिली, म्हणजे आजारामुळे आठवण बदलण्याचा प्रश्नच नाही; आणि सांगितलेले आकडे कंपन्यांच्या नोंदींच्या आधाराने दुरुस्त केले. साधारण सात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२४ साली निष्कर्ष आला: बोलण्याच्या दुरुस्त केलेल्या प्रत्येक १०० तासांमागे ग्लायोमाचा सापेक्ष धोका १.००, विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असतो तो) ०.९८ ते १.०२. मोबाइलबद्दल कोणाचे मत काहीही असो, ‘१०० तासांमागे’ हे शब्द लिहिण्याचा अधिकार या अभ्यासाने कमावलेला आहे.

मग त्यांचेच समीकरण घ्यायला काय हरकत? हरकत अशी, की ते समीकरण त्या लोकांच्या सवयींचे आहे. बिल घरी येणारा स्वीडिश ग्राहक आणि दोन सिमवर अमर्याद पॅक घेतलेला डिचोलीचा दुकानदार एकाच रीतीने चुकत नाहीत. गोव्यातल्या गोव्यातही एक समीकरण सर्वांना पुरेल याची खात्री नाही. कॉलेजची मुले, म्हापशाच्या बाजारात बसणारी बाई, स्टँडवरचा पायलट (मोटारसायकल-टॅक्सीवाला), वेर्ण्याच्या औषध-कारखान्यात आठ तास फोन कपाटात ठेवणारा कामगार, या प्रत्येकाची चुकण्याची तऱ्हा निराळी. त्यात हंगाम. ट्रॉलरना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांतला खलाशाचा फोन आणि जानेवारीतला फोन यांत साम्य शोधू नये. टॅक्सीवाल्याचे ऑगस्ट आणि डिसेंबर तसेच.

पडताळा कसा घ्यावा? गट स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांचा नको, यादीतून चिठ्ठी टाकून निवडलेला हवा. हौशीने फोन दाखवणारा माणूस बहुधा नोंदींबद्दल आधीच जागरूक असतो. संख्या दीडशे ते दोनशे. वरच्या उदाहरणात सांगितलेल्या आकड्यांच्या लॉगचे प्रमाण विचलन १ धरले, तर तीस माणसांवर ०.५५ या उताराची (समीकरणातल्या गुणकाची) विश्वासमर्यादा ०.२६ ते ०.८४ इतकी ऐसपैस येते, म्हणजे दुरुस्ती म्हणून कुचकामी. दीडशेवर ती ०.४२ ते ०.६८वर येते. वय, लिंग, तालुका यांचे मिश्रण मूळ सर्व्हेसारखेच ठेवावे.

क्रम फार महत्त्वाचा: आधी प्रश्न, मग फोन. फोन दाखवायचा आहे हे आधी कळले की माणूस उत्तर देण्यापूर्वी गुपचूप आकडा पाहून घेतो आणि पडताळा-गटाची आठवण सर्व्हेपेक्षा चांगली ठरते. प्रश्नातला काळ आणि नोंदीतला काळ एकच हवा. मागचे २८ दिवस, म्हणजे चार पूर्ण आठवडे आणि चार रविवार. त्यात चवथ (गणेशचतुर्थी) आली तर तो महिना टाळावा, घरोघरचे फोन त्या दिवसांत वेगळेच असतात. प्रश्नही धड विचारावा. ‘फोनवर किती वेळ असता?’ किंवा कोंकणीत ‘फोनार कितलो वेळ आसता?’ याचा अर्थ म्हातारा माणूस ‘बोलता’ असा घेतो आणि नातू ‘बघता’ असा. कानाला लावून बोलणे, स्पीकर वा इअरफोनवर बोलणे, पडद्याकडे पाहणे असे तीन प्रश्न वेगळे हवेत. मेंदूपर्यंत पोचणाऱ्या रेडिओ-ऊर्जेसाठी पहिला कामाचा, झोपेसाठी तिसरा, आणि तोही रात्री दहानंतरचा.

नोंदी घेताना काय बिघडते तेही सांगतो. फोनमधली कॉलची यादी ठरावीक नोंदींनंतर जुन्या टाकून देते, म्हणून सर्वांत जुनी नोंद २८ दिवसांपूर्वीची आहे का ते आधी बघावे. नसेल तर जितके दिवस आहेत तेवढेच धरून तसे लिहावे. दोन्ही सिम मोजावीत. व्हॉट्सॲप कॉलचा वेळ एकेक नोंद उघडून टिपावा लागतो. कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही. पडद्याचा वेळ अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमध्ये आणि आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये मिळतो. दोन्ही सोयी २०१८मध्ये आल्या आणि दोन्ही मागचे थोडेच दिवस तपशीलवार दाखवतात, तेव्हा २८ दिवसांसाठी दर आठवड्याला नोंद घ्यावी लागेल. पडदा विझवून ऐकलेली भजने यात येत नाहीत. पडदा चालू ठेवून फोन बाजूला पडला असेल तर तो वेळ मात्र येतो. ‘आम्ही ॲप बनवू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की २०१९पासून गुगल प्लेवरच्या सर्वसाधारण ॲपला कॉलची यादी वाचायची मुभा नाही, आणि बरेच स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली ॲप परस्पर बंद करतात. मग शून्य मिनिटे म्हणजे वापर नाही की ॲप मेले, हे कळायला मार्ग राहत नाही.

नोंद थोडी इकडेतिकडे असली तर बिघडत नाही. या पद्धतीत नोंदीतली निव्वळ यादृच्छिक चूक समीकरणाला वाकडे करत नाही, फक्त अनिश्चितता वाढवते. एका दिशेची चूक मात्र घातक. फक्त साधे कॉल मोजून व्हॉट्सॲप सोडले, तर ज्यांचे बोलणे व्हॉट्सॲपवर अधिक, म्हणजे तरुणांचे आणि परदेशी माणसे असलेल्या घरांचे, आकडे आपणच खाली ओढतो आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतो.

पुढचे गणित थोडक्यात. मुख्य विश्लेषणात जे घटक आहेत, वय, शिक्षण, काम, ते सर्व अंशांकनाच्या समीकरणातही हवेत. आजार किंवा झोप मात्र त्यात घालू नये. ‘शून्य’ सांगणाऱ्यांना वेगळे हाताळावे, शून्याचा लॉग नसतो. आणि विश्वासमर्यादा काढताना दोन्ही पायऱ्या एकत्र बूटस्ट्रॅप कराव्यात (म्हणजे त्याच माणसांतून पुन्हापुन्हा चिठ्ठी टाकून निवड करून सगळा हिशेब पुन्हापुन्हा करावा), नाहीतर समीकरणातली अनिश्चितता हिशेबाबाहेर राहते.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. चूक आजारावर अवलंबून असेल तर ती हतबल आहे, आणि मानसिक आरोग्याच्या पाहण्यांत नेमके तेच होण्याची भीती असते. खिन्न माणसाला आपण मोबाइलवर फारच वेळ घालवतो असे वाटते. त्याचे उत्तर मिनिटांइतकेच मनःस्थितीचे असते. ‘समस्याजनक वापरा’च्या प्रश्नावल्यांचा नोंदींशी सहसंबंध त्याच २०२१च्या आढाव्यात ०.२५ निघाला. अशा पाहणीत पडताळा-गटात खिन्न आणि स्वस्थ दोन्ही लोक पुरेसे घ्यावेत आणि चूक दोहोंत सारखी आहे का ते तपासावे. सारखी नसेल तर मिनिटे सोडून द्यावीत. दहा वर्षांपूर्वीच्या वापराचेही तसेच. त्याच्या नोंदी फोनमध्ये नाहीत. कंपन्यांना २०२१च्या आदेशाने कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. त्यामागे सगळा अंधार.

आणि मिनिटे अचूक मिळाली तरी रेडिओ-ऊर्जेचा प्रश्न तिथे संपत नाही. सिग्नल क्षीण असेल तिथे फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. जुन्या टूजीचे एक मिनिट आणि फोरजीचे एक मिनिट यांत मोठा फरक असतो. सत्तरी-सांग्याच्या डोंगराआडचे दहा मिनिटांचे बोलणे पणजीतल्या तासाभरापेक्षा जास्त ठरू शकते. टॉवर नको म्हणून ठराव करणाऱ्या ग्रामसभांनी याचाही विचार करायला हरकत नाही: डोक्याला मिळणारी बहुतेक ऊर्जा कानाजवळच्या फोनचीच असते, आणि टॉवर लांब गेला की तो फोनच जोर लावतो.

खासगीपणाचा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. कॉलची यादी म्हणजे माणसाचा संसार. त्यात समोरच्यांचेही नंबर असतात आणि त्यांनी संमती दिलेली नसते. पण संशोधकाला यादी लागतच नाही, बेरीज लागते. सहभागीने फोन आपल्याच हातात धरावा, मिनिटे वाचून दाखवावीत, पाहणी करणाऱ्याने फक्त एकूण लिहावे. छायाचित्र नको, स्क्रीनशॉट नको. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्हींच्या चौकटीत हे बसते. खर्चाचे म्हणाल, तर दीडशे माणसे गुणिले पंचवीस मिनिटे म्हणजे साडेबासष्ट तास. पडद्याच्या वेळेसाठी आठवड्याचे फेरे धरले तरी दोघा जणांचे महिना-दीड महिन्याचे काम. मनोविकारांच्या चाळणी-प्रश्नावल्या गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य सेवेत सविस्तर निदान-मुलाखतींशी ताडून पाहिल्या गेल्या आहेत. तेव्हा हा शिरस्ता इथल्या संशोधकांना नवा नाही.

म्हणून नैतिकता समित्यांनी अर्जात तीन रकाने वाढवावेत: पडताळा-गट किती जणांचा, नोंद कशावरून, आणि कोणत्या गटाला ही दुरुस्ती लागू नाही. अहवालात मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी छापावेत. तारवटींचे (परदेशी जहाजांवर नोकरी करणाऱ्यांचे) नाव तिसऱ्या रकान्यात हमखास येईल. बोटीवर त्यांचा फोन बोटीच्या वाय-फायवर आणि परदेशी सिमवर चालतो, आणि पाहणी करणारा त्यांच्या घरी पोचतो तेव्हा ते सुट्टीवर असतात. त्या महिन्याच्या नोंदी सुट्टीच्या असतात. त्यांना मिनिटांच्या तक्त्यातून वगळावे आणि वगळल्याचे तक्त्याखाली लिहावे.